पत्र्याच्या डब्यातलं अर्थशास्त्र: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉमर्सच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीतून कॉमर्स, हा आपल्या भागातल्या मुलामुलींचा नेहमीचा रस्ता. मीही त्याच रस्त्याने आलो. खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, बेळगावात बी.कॉम. आणि आता एका ठेवी-कर्जाच्या सहकारी सोसायटीत हिशेब बघतो. वर्गात पुस्तक इंग्रजी, अडलं की सर समजावणार कन्नडमधून, आणि आपण मनात त्याचं मराठी करत बसणार. व्याख्या पाठ होतात, गुणही पडतात. पण घरी बाबांनी सोसायटीची कर्जाची पावती पुढे टाकून “हे बघ रे, बरोबर आहे काय?” असं विचारलं, की कॉमर्सचा विद्यार्थी गप्प.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. पुस्तक उघडण्याआधी घरातला कागदपत्रांचा पत्र्याचा डबा उघडायचा. पिग्मीचं (रोजच्या ठेवीचं) पुस्तक, सोनं तारणाची पावती, उसाचं बिल, हेस्कॉमचं वीजबिल या सगळ्यांत पीयूसीच्या दोन वर्षांचं अर्धं अर्थशास्त्र भरलेलं असतं. एकेक कागद घेऊन हिशेब मांडला की व्याख्या आपोआप बसते.

काय जवळ ठेवायचं:

- एक दोनशेपानी वही आणि साधा कॅल्क्युलेटर (मोबाइलमधला चालेल)
- बँकेचं पासबुक, नोंदी भरून आणलेलं
- घरात असेल तर पिग्मीचं पुस्तक, कर्जाची किंवा सोनं तारणाची पावती, कारखान्याचं ऊस बिल
- किराणा दुकानाचं जीएसटी असलेलं बिल आणि पेट्रोल पंपाची पावती
- स्वतःचं आधार, दहावीचं मार्क्स कार्ड, पॅन (नसेल तर अठरा पूर्ण झाल्यावर काढा)
- नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेला जात-उत्पन्नाचा दाखला. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) वहीत वेगळा लिहून ठेवा

१. आधी खातं आणि नाव सरळ करा

हे अर्थशास्त्र नव्हे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अडतं. आपल्याकडची मोठी अडचण नावाची. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, मार्क्स कार्डवर आडनाव आधी, बँकेत नुसती इनिशियल्स. त्यातच मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या एसएसपी पोर्टलवर भरताना हे सगळं एकमेकांशी ताडून बघितलं जातं. कॉलेजात प्रवेश घेण्याआधीच्या सुट्टीत आधार आणि मार्क्स कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती करायची तर मार्क्स कार्डप्रमाणे आधार करून घेणं सोपं, उलट करायला गेलात तर बोर्डापर्यंत फेऱ्या.

दुसरा सापळा आधार जोडणीचा. आधार दोन-तीन बँकांत दिलेलं असलं तरी सरकारी पैसा एकाच खात्यात येतो, जे सर्वांत शेवटी त्या जोडणीत नोंदलं गेलं त्यात. “शिष्यवृत्ती आली नाही” म्हणून रडणाऱ्या निम्म्या मुलांची शिष्यवृत्ती जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असते. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीच्या पानावर दिसतं. आईच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कुठल्या खात्यात येतात तेही त्याच वेळी बघून द्या.

किमान शिल्लक ठेवणं जमणार नसेल तर बँकेत स्पष्ट सांगा, “बेसिक बचत खातं पाहिजे.” त्यात शून्य शिल्लक चालते.

२. व्याज: “शेकडा दोन” म्हणजे किती?

या पायरीवर बसून राहा. बाकी सगळं घाईत वाचलंत तरी चालेल.

गावात कुणालाही विचारा, “व्याज काय पडतंय?” उत्तर येतं, “शेकडा दोन.” ऐकायला गोड. बँक आठ-नऊ टक्के सांगते, हा माणूस दोनच सांगतोय! पण शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. वर्षाचे चोवीस. शेकडा तीन म्हणजे छत्तीस टक्के. बँकेचा दर वर्षाचा असतो, सावकाराचा महिन्याचा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: कुठलाही दर ऐकला की आधी तो वर्षाचा करायचा.

दुसरा प्रश्न, दर कशावर? समजा ६०,००० रुपयांचं कर्ज, एक वर्ष, दर १२ टक्के. दोन ठिकाणी हाच दर सांगितला, पण हिशेब वेगळा.

पहिल्या ठिकाणी फ्लॅट दर. पूर्ण ६०,००० वर वर्षाचं व्याज ७,२००. एकूण ६७,२००, बारा हप्ते, हप्ता ५,६००.

दुसऱ्या ठिकाणी घटत्या शिलकेवर. दर महिन्याला जेवढी मुद्दल उरली तेवढ्यावरच १ टक्का. हप्ता येतो सुमारे ५,३३१ आणि वर्षभराचं व्याज सुमारे ३,९७१.

दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. कारण सरळ आहे: सहा महिन्यांनी तुम्ही निम्मी मुद्दल फेडलेली असते, तरी फ्लॅटवाला तुमच्याकडून साठ हजारांचंच व्याज घेत असतो. तो १२ टक्के फ्लॅट घटत्या शिलकेच्या भाषेत मांडला तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. गाडी, मोबाइल, फर्निचर हप्त्यावर घेताना दुकानात बसलेला माणूस बहुतेक वेळा फ्लॅटच सांगतो. त्याला विचारायचं, “फ्लॅट की रिड्यूसिंग?” एवढ्या एका प्रश्नाने तो सावरून बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

यात प्रोसेसिंग फी, विमा, शेअरची रक्कम आधीच कापून घेतात तो भाग वेगळा. हातात ५७,००० पडले आणि व्याज ६०,००० वर चाललंय, असं होतं. वहीत दोन ओळी ठेवा: हातात आले किती, परत गेले किती. बाकीची नावं त्यांची त्यांना असू द्या.

आता चक्रवाढ. १०,००० रुपये ७ टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर सरळ व्याजाने १३,५०० होतात. बँक ठेवीवर दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवते, त्यामुळे होतात साधारण १४,१४८. हा फरक लहान वाटतो, पण दर आणि वर्षं वाढली की तोच राक्षस होतो. झटपट अंदाजाला ७२ चा नियम वापरा: ७२ ला वार्षिक दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. ६ टक्क्यांची ठेव बारा वर्षांत दुप्पट. शेकडा दोनचं कर्ज, व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं तर, तीन वर्षांत दुप्पट. शेतजमिनी गहाण का पडल्या आणि परत का आल्या नाहीत, ते या एका भागाकारात आहे.

बचत गटांच्या आणि मायक्रो फायनान्सच्या कर्जालाही हाच हिशेब लावा. वसुलीची जबरदस्ती इतकी वाढली होती की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. आठवड्याचा हप्ता लहान दिसतो म्हणून आई-मावशी चार ठिकाणी सही करतात. चारही हप्ते एका पानावर मांडून त्यांना दाखवणं हे तुमचं काम.

३. पिग्मी आणि भिशी

पिग्मी ही आपल्या कर्नाटकाचीच चीज. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीकडे ती सुरू केली, रोज दोन आण्यांची ठेव घरी येऊन गोळा करायची. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मीवाले काका अजून खडेबाजारात दुकान-दुकान फिरतातच.

हिशेब मांडा. रोज ५० रुपये, वर्षाचे १८,२५०. व्याज ४ टक्के धरलं तर किती? घाईत ७३० म्हणाल. पण पहिल्या दिवशीचे ५० रुपये वर्षभर राहिले, शेवटच्या दिवशीचे एकच दिवस. सरासरी पैसा अर्धंच वर्ष राहिला, म्हणून व्याज सुमारे ३६५. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही आणि वर कमिशन कापतात. तेव्हा पिग्मीकडे कमाई म्हणून बघू नका. हातातले पैसे रोज कुणीतरी काढून नेतो, ही तिची खरी सोय. त्या सोयीची किंमत तुम्ही कमी व्याजाच्या रूपाने देता. पानपट्टीवाल्याला ती परवडते. पगारदाराला नाही, त्याने आवर्ती ठेव करावी.

भिशीत तर ‘पैशाचं कालमूल्य’ नावाचा आख्खा धडा आहे. बारा जण, महिन्याला हजार, उचल बारा हजार. चिठ्ठ्या टाकून पहिला नंबर लागला त्याला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटच्याने बिनव्याजी पैसे वापरायला दिले. दोघांनी भरले सारखेच, पण फायदा सारखा नाही. बोलीच्या भिशीत हा फरक उघड होतो: गरज असलेला म्हणतो, “मला दहा हजारच द्या.” सुटलेले दोन हजार बारा जणांत वाटले की प्रत्येकी सुमारे १६६ रुपये. ते दोन हजार म्हणजे आज पैसे मिळण्याची किंमत.

भिशीचा धोका एकच, पण मोठा: उचल घेतलेला माणूस गाव सोडून गेला तर? भिशीला कायद्यात चिट फंड म्हणतात आणि त्याची नोंदणी लागते, १९८२ चा तसा कायदा आहे. गल्लीतली भिशी सगळी ओळखीवर चालते. अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲप भिशीत शिरू नका.

४. महागाई आणि रेपो दर

बचत खात्यावर मोठ्या बँका अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास व्याज देतात. महागाई ४ टक्के असेल तर पासबुकात आकडा वाढतो आणि पैशाची ताकद कमी होते. ठेवीचा दर वजा महागाई म्हणजे खरा व्याजदर, एवढं लक्षात ठेवा. सोपा प्रयोग: घरातलं जुनं किराणा बिल शोधा, त्याच वस्तू आजच्या भावाने मांडा, टक्केवारी काढा. तुमच्या घराची महागाई सरकारी आकड्याशी जुळणार नाही, कारण सरकारी टोपलीत तुमच्या घरापेक्षा वेगळ्या वस्तू वेगळ्या वजनाने असतात. परीक्षेत निर्देशांकावर प्रश्न आला तर हेच लिहायचं असतं.

महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या आत ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. त्यासाठी सहा जणांची समिती रेपो दर ठरवते, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने पैसा मिळतो तो. २०२५ च्या सुरुवातीला तो साडेसहा टक्के होता, फेब्रुवारीत सव्वासहा झाला आणि जूनपर्यंत साडेपाचवर आला. बातमीत रेपो उतरला की घरी दोन गोष्टी होतात: गृहकर्जाचं व्याज हळूहळू उतरतं, आणि आजोबांच्या नव्या ठेवीला कमी व्याज मिळतं.

५. मागणी-पुरवठा शिकायला एपीएमसीत (बाजार समितीत) जा

पुस्तकात आलेख असतो, मार्केट यार्डात भाव असतो. गोव्याला बराचसा भाजीपाला बेळगावातून जातो. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात वाहतूक अडली की इकडे माल साचतो आणि भाव पडतो. त्याच दिवशी पणजीत भाव चढतो. एकच कोथिंबीर, एकच दिवस, दोन भाव. मधे फक्त घाट. पुरवठ्याची रेषा सरकते म्हणजे काय, ते इथे दिसतं.

उसात मात्र गोष्ट वेगळी. उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आहे. चिकोडी-निपाणीकडच्या घरांत हे तोंडपाठ असतं, पण बिलावर तेवढे का दिसत नाहीत हे विचारलं की वाद सुरू होतो. तोडणी-वाहतूक कापली जाते आणि उतारा कमी-जास्त असतो, ही दोन कारणं बिलावर शोधा. तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर कारखान्याने वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं ऊस नियंत्रण आदेशात आहे. एक लाखाचं बिल त्या मुदतीनंतर साठ दिवस थकलं तर व्याज होतं साधारण २,४६६. ते मिळतं का, हा वेगळा प्रश्न. पण मागताना आकडा हातात असावा.

संधी खर्च, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडली तिची किंमत, तोही इथेच उरकून टाकू. बारावीनंतर उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागलात आणि महिन्याला बारा हजार मिळाले असं धरा. तीन वर्षं डिग्री करण्याचा खर्च म्हणजे फी अधिक सोडलेले चार लाख बत्तीस हजार. डिग्री करू नका असं मी म्हणत नाही. एवढं सोडून जे शिकताय ते वर्गात न बसता मिरवू नका, इतकंच.

६. कर: दोन पावत्या शेजारी ठेवा

बेळगावातल्या दुकानाच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग दिसतील: अर्धा केंद्राचा, अर्धा कर्नाटकाचा. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन वस्तू मागवली तर एकच आयजीएसटी दिसतो, कारण माल राज्याची हद्द ओलांडून आला. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे. पेट्रोल त्याच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं; म्हणून कोल्हापूर, निपाणी आणि पणजी इथल्या पंपांवरचे भाव वेगवेगळे. सीमेवर राहण्याचा एवढा एक शैक्षणिक फायदा.

७. पैसे ठेवायचे कुठे?

बेळगाव जिल्ह्यात एका रस्त्यावर बँक, सहकारी बँक, सौहार्द सहकारी (कर्नाटकाच्या वेगळ्या कायद्याखालची संस्था) आणि मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सोसायटी अशा चार पाट्या दिसतात. काउंटर सारखं, पासबुक सारखं. फरक बुडाल्यावर कळतो.

राष्ट्रीयीकृत, खासगी आणि सहकारी बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचं विमा संरक्षण असतं: एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतल्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाख रुपयांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. सौहार्द, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही. मी स्वतः सोसायटीत काम करतो आणि तरीही सांगतो: सगळ्या सोसायट्या वाईट नसतात, अडीनडीला त्याच उभ्या राहतात, पण बहिणीच्या लग्नाची आख्खी रक्कम दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून तिथे ठेवू नका. जास्तीचा दर म्हणजे जास्तीच्या जोखमीचं भाडं. वार्षिक सभेचा अहवाल सभासदाला मिळतो, त्यात थकबाकीचं पान आधी उघडा.

शेअर बाजाराबद्दल थोडक्यात. शिकायचं असेल तर अठरानंतर, स्वतःच्या थोड्या पैशांत. फ्युचर्स-ऑप्शन्सपासून, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर लावलेल्या सौद्यांपासून, लांब राहा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीत त्यात उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी दहात नऊहून जास्त जण तोट्यात निघाले. टेलिग्रामवर “रोज दोन हजार पक्के” सांगणारा त्या दहाव्यातला असता तर तुम्हाला शोधत आला नसता.

८. शैक्षणिक कर्ज

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. शाखेत “जमीन गहाण टाका” म्हणाले तर ही मर्यादा शांतपणे दाखवा आणि नकार लेखी मागा.

कागद: प्रवेशपत्र, कॉलेजच्या लेटरहेडवरचा फीचा तपशील, मार्क्स कार्डं, दोघांचं आधार-पॅन, उत्पन्नाचा दाखला, पालकांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट.

सापळा असा, की शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो म्हणून व्याजही नसतं असं घरी वाटतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालतं. चार वर्षांचं इंजिनिअरिंग, दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचल, १० टक्के सरळ व्याज आणि शेवटी एक वर्ष सवलतीचं धरा. पहिला लाख पाच वर्षं, दुसरा चार, मग तीन, मग दोन. बेरीज चौदा, म्हणून व्याज १,४०,०००. पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज ५,४०,००० झालेलं असतं. शिकत असतानाच दरमहा नुसतं व्याज भरत गेलात तर हा डोंगर होत नाही, आणि बऱ्याच बँका त्याबद्दल दरात एक टक्का सूटही देतात. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या व्याज सवलतीबद्दल अर्जाच्या वेळीच विचारा, नंतर कुणी आठवण करून देत नाही.

९. फसवणूक आणि तक्रार

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. कॉलेजच्या मुलांसाठी आता नवं आमिष आहे: “तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार घे.” त्या खात्यातून कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या, म्हणजे तुमच्या, दारात येतात. मित्राने सांगितलं तरी नाही म्हणा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेत नंतर जा.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत, माहितीसाठी १४४४८. सौहार्द किंवा पतसंस्था असेल तर लोकपाल काही करणार नाही, तिथे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. मल्टिस्टेट असेल तर तक्रार दिल्लीला, केंद्रीय निबंधकांकडे. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलात तर इथल्या कार्यालयात काम लवकर हलतं. सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका.